झिराडकरबाईंची सुरी

यमुनाकाकीवर लिही, असं संघटनेतल्या तिघाचौघांनी मला सांगितलं. मी म्हटलं, त्यात काय, लिहितो. नववी नापास असलो तरी मच्छीमारांची निवेदनं मीच लिहितो, आणि ती वाचून साहेब लोक खुर्चीत सरळ बसतात. पण हे लिहायला बसलो आणि दोन पानं फाडली. काकीबद्दल खरं लिहायचं तर मधे मी येतो, आणि मी जिथे येतो तिथे मान खाली जाते.

हे तिसरं पान. हे फाडणार नाही.

काकीचं घर तोंडवलीला, सुरूच्या बनामागे. वय बहात्तर. नवरा गेला त्याला तीस वर्षं होतील. त्याच्या आधीही आणि नंतरही तिने एकच धंदा केला. सकाळी रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यावरून, मासळी उचलायची, पाटी डोक्यावर घ्यायची, एसटीने मालवणात जायचं आणि दारोदार विकायची. कंडक्टर पाटीवरून कुरकुरला तर म्हणायची, "तुझ्या घराकडे काय फुलां शिजतत?" असा तिचा जिभेचा पट्टा. संघटनेच्या पहिल्या मोर्चात बायका आणल्या त्या तिनेच. आमच्या सगळ्या बैठका तिच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात, होतात. चहा तिचा, चटया तिच्या, आणि बडबड माझी.

अडतीस वर्षांमागची गोष्ट आहे. मालवणात झिराडकर नावाचे सरकारी ओव्हरसियर राहायला होते. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. मूळचे अलिबागकडचे. काकी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेली ती ताजी सुंगटं घेऊन. झिराडकरबाईंनी पाटीत बघितलं आणि म्हणाल्या, "कोळंबी आम्हाला चालत नाही."

काकी पेटलीच. "नासली काय माझी सुंगटां? वास घेऊन बघा!"

"नासली नाहीत गं. ज्या माशाला पर आणि खवले आहेत, तोच आमच्यात खातात. कोळंबी नाही, कुर्ली नाही, मोरी नाही, शिंगाळा नाही."

"मोरी नाय?" काकीला हे खरंच वाटेना. मालवणात राहून मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, सार न खाणारा माणूस तिने बघितलाच नव्हता. "मगे जगतास कशे?"

बाई हसल्या, आणि ती ओळख अकरा वर्षं टिकली. काकी त्या घरासाठी वेगळी टोपली आणू लागली. आख्खा मासा, कापलेला नाही. दारात बसली की आधी नखाने एक खवला काढून बाईंच्या तळहातावर ठेवायची, मग भाव. शनिवार त्यांचा विसाव्याचा, त्या दारात पाय नाही. शुक्रवारी ऊन कलायच्या आत हजर. मासा कापायला बाईंनी तिला पहिल्याच वर्षी एक लांब पात्याची सुरी दिली होती, लाकडी मुठीची. फक्त त्यांच्या घरच्या माशासाठी. ती दुसऱ्या कशाला लावायची नाही, एवढीच अट.

मग बदली झाली. निघताना बाई म्हणाल्या, "सुरी ठेव तुला. आता काहीही काप."

काकी म्हणाली, "ठेवतंय. पण तुमी परत इलास तर लागतली ना."

परत कोणी आलं नाही. बाई आणि ओव्हरसियर आधी ठाण्याला गेले, मग इस्रायलला, आणि तिथेच वारले. काकीने सुरी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून वाशाला खोचली. दर दिवाळीला खाली काढायची, खोबरेल लावायची, परत वर. सून सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा तिला घरातल्या बाकी वस्तू दाखवायच्या आधी ही दाखवली. "ह्येका हात लावचो नाय."

गेल्या मे महिन्यात एक बाई मालवणच्या मासळी बाजारात विचारत फिरत होती, यमुना नावाची कोणी होती का, पाटीवाली. ती झिराडकरांची मुलगी हन्ना. मालवण सोडलं तेव्हा दहा वर्षांची होती, आता ठाण्यात शिकवते. काकीने तिच्यासमोर फडकं सोडलं. हन्ना सुरीकडे बघत राहिली आणि मग खळ्यातच बसून रडली.

त्या ज्यू लोकांचा दरवर्षी एक शिक्षणमेळा भरतो. तीन दिवस, आणि कोणीही कोणालाही शिकवायचं. त्यात पदवी बघत नाहीत. या हिवाळ्यात हन्नाने तो तोंडवलीला आणला, किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात. मुंबई, ठाणे, पेण, अलिबागकडून शंभरेक माणसं आली. पुण्याच्या एक प्राध्यापिका जुन्या थडग्यांवरची अक्षरं वाचून दाखवत होत्या. रेवदंड्याकडची एक आजी पदर खोचून कीर्तन करत होती, मोशेची गोष्ट, चाल अगदी आपली. एक पोरगा पूर्वजांच्या तेलाच्या घाण्यावर बोलला, मणिपूरचा एक ज्यू तरुण आपल्या भाषेतली प्रार्थना शिकवत होता. आणि कागदावर छापलं होतं: दुसरा दिवस, सकाळी अकरा, यमुनाबाई, "खवल्याचा मासा". साडेअकरा, परशुराम, "किनारा कोणाचा". परशुराम म्हणजे मी.

काकीने तो कागद देव्हाऱ्याजवळ लावला. तिला वाचता येत नाही. रोज येईल त्याला विचारायची, "माझा नाव खंयचा?"

आता माझं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी काकीच्या खळ्यात बैठक होती. पंधरा माणसं. संघटनेतल्या विकीने चार मोऱ्या आणल्या, म्हणाला जेवूनच जाऊया. काकी रापणीवर गेलेली. घरातला आडाळो, म्हणजे विळी, बोथट. मी वर बघितलं तर वाशाला फडक्यात सुरी.

सुगंधा म्हणाली, "ती नको, भावोजी. आयेची आसा ती. ज्यूंच्या माशाची."

मला ती सुरी माहीत होती. अट माहीत होती. हे लिहिताना हात थांबतो, पण माहीत होती. सोवळंओवळं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या बायकांच्या पाटीला वास येतो म्हणून विहिरीवरून हाकलल्याचं मी लहानपणी बघितलंय, त्यावरून मारामाऱ्या केल्यात, एकदा लॉकअपात बसलोय. मला वाटलं हेही तसलंच. शिवाय पंधरा माणसं बघत होती, आणि माणसं बघत असली की मी जास्तच शहाणा होतो.

"लोखंडाक धर्म नसता गो," मी म्हटलं. सगळे हसले. मी चारही मोऱ्या त्या सुरीने कापल्या. मग साबणाने धुतली, पुसली, तेल लावलं, फडक्यात होती तशी गुंडाळली. सुगंधाला म्हटलं, "काकीक सांगू नको, उगाच जीवाक लावून घेतली." म्हणजे मला कळत होतं. कळत नसतं तर लपवलं कशाला असतं?

दुसऱ्या दिवशी काकी हिरवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून आली. मंडपात चटईवर बसली. पुढे टोपल्यांत दहा-बारा मोठ्या तांबोश्या, खवल्याचे लाल मासे, पाण्यातून आत्ताच काढल्यासारख्या. दुपारच्या जेवणात त्याच शिजणार होत्या. तिच्या तोंडापुढे माईक धरायचं काम माझ्याकडे. मीच मागून घेतलेलं.

ती बिलकुल घाबरली नाही. खवला काढून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. ते सॅमसन पेणकर, त्यांचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. "बघा. आदी ह्यां, मगे भाव," ती म्हणाली. सगळे हसले. हन्नाच्या आईशी झालेलं पहिलं भांडण तिने दोन्ही आवाजांत करून दाखवलं. लोक टाळ्या वाजवत होते, हन्ना डोळे पुसत होती. मग काकीने फडकं सोडलं.

"ही झिराडकरबायची सुरी. अडतीस वर्सां ठेवलंय. एकाय मोरीक, एकाय सुंगटाक लागाक नाय. माज्या झिलान मागल्यान तरी दिलंय नाय. आज तुमच्या सगळ्यांसमोर ह्या तांबोशेक लावतंय."

मी तेव्हा बोलू शकत होतो.

पात्याला हात लावायच्या आधी काकी सुरी नाकाशी नेते. सगळ्याच सुऱ्या, जन्मभराची सवय. तशी नेली आणि काकी थांबली. मूठ परत हुंगली. पातं साबणाने धुता येतं, लाकूड वास पिऊन बसतं, आणि मोरीचा वास तर आंधळा माणूसही ओळखेल. साठ वर्षं मासळीत काढलेल्या बाईला मी साबणाने फसवायला निघालो होतो.

तिने सुरी फडक्यावर ठेवली. चेहरा असा झाला की जणू भर बाजारात कोणी पदर ओढला.

"हन्ना बाय," ती म्हणाली, "माफ कर. ह्येका मोरी लागलीहा. खंयतरी माजीच हलगर्जी झाली. मी आता बोललंय ता खोटा झाला. ह्यो मासो तुमी खाव नकात." शंभर माणसांपुढे तिने हात जोडले आणि उठायला लागली.

हन्ना धावली, "काकी, असू दे गं, काही नाही होत."

"नाय कसा? माजो सबूद गेलो."

कलेक्टर कचेरीच्या फाटकावर दुसऱ्याच्या हातातला माईक हिसकावणारा मी. त्या दिवशी माईक माझ्याच हातात होता, आणि मी गप्प. दहा सेकंद असतील, वीस असतील. ती म्हातारी माझं पाप स्वतःच्या पदरात बांधत होती आणि मी ते बांधू देत होतो.

मग फुटलो. तेही कसा? लाज वाटली की मला राग येतो.

"माफी कसली मागतेस?" मी माईकवरच ओरडलो. "मी कापली मोरी! काल, चार मोऱ्या! आणि काय झालं? लोखंडाला धर्म असतो? आयुष्यभर आमचा विटाळ मानलेला बघितलाय आणि आता इथे येऊन आमच्याच म्हाताऱ्या बाईला..." पुढे काय काय बोललो. ज्या माणसांनी तिला मानाने बोलावून बसवलं, त्यांनाच तोंडावर बोललो.

काकी माझ्याकडे बघत होती. तिचा आवाज चढला नाही.

"परशा, आपलो झेंडो घेऊन कोणी मोरीचा रगात पुसला तर चलात तुका?"

मी माईक खाली घेतला.

"झेंडो तरी काय, फडकाच ना? धुतला की झाला."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. संघटनेच्या त्या झेंड्याला एका पोराने चपलेने ढकललं म्हणून मी त्याला काठीने मारलं होतं. काकीनेच सोडवलं होतं त्याला.

"तुझो झेंडो मी कधी पायाखाली घातलंय? माका इचारलंस तरी? नाय म्हटलंय असतंय, म्हणान इचारलंस नाय."

सॅमसनकाका हळूच उठले. माझ्याकडे नाही, सुरीकडे बघत विचारलं, "मोरी कच्ची होती की गरम?"

"कच्ची," मी पुटपुटलो.

"सुरी विस्तवावर, उकळत्या पाण्यात गेली नाही ना?"

"नाही."

"मग उपाय आहे, यमुनाबाई. आमच्यात अशी सुरी कडक जमिनीत दहा वेळा खुपसतात. दर वेळी नवी जागा. मग धुवायची. झाली शुद्ध. तुमचा शब्द काही गेला नाही."

काकीने सुरी उचलली आणि मुठीकडून माझ्यापुढे धरली. "कापलंस तू. तूच खुपस."

मंडपाखाली नुसती वाळू. रिसॉर्टाच्या फाटकाशी गाड्यांनी दडपलेली तांबड्या मातीची वाट होती, तिथे गेलो. सगळा मेळा मागून आला, प्राध्यापिका, कीर्तनवाली आजी, तो मणिपूरचा तरुण. मी गुडघ्यावर बसलो. पहिल्या वेळी पातं घसरलं. "नीट," काकी म्हणाली. ती मोजत होती, मोठ्याने. चौथ्याला तळहात सोलवटला. आठव्याला डोळ्यांत पाणी आलं, ते मातीमुळे, असं मला दाखवायचं होतं आणि कोणी विचारलंच नाही. दहा झाले. काकीने सुरी माझ्या हातातून घेतली, नळाखाली धुतली, परत हुंगली, मूठ दोनदा हुंगली, आणि नुसती होकाराची मान हलवली.

साडेअकरा वाजून गेले होते. हन्नाने मला विचारलं, "तुमचं भाषण?" मी म्हटलं, "माझी वेळ तिची." किनारा कोणाचा यावर त्या दिवशी बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. काकीने तांबोश्या कापल्या, खवले पोरांच्या हातावर ठेवले. पंगतीत ते लोक तोच मासा खात होते, आणि सॅमसनकाकांनी मलाही हाताला धरून पानावर बसवलं.

त्याला आता तीन महिने झाले. बैठका काकीच्याच खळ्यात होतात. चहा येतो, "परशा, साखर कमी झाली काय रे?" असंही विचारते. तो विषय तिने पुन्हा काढला नाही, सुगंधालाही बोल लावला नाही. तिला मी एकदा म्हटलं, "काकी, चुकलंय." ती म्हणाली, "माहीत आसा माका," आणि कोंबड्यांना हाकलायला गेली.

परवा चहा पिताना सहज वर बघितलं. वाशाला फडकं नव्हतं. सुरी तिने दुसरीकडे ठेवलीय. कुठे, ते सुगंधाला माहीत असेल.

मी विचारलं नाही.