सहाच्या फोनातलं नाव

आमच्या आप्पांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लपवायचं म्हणून नाही. त्या नावावर माझा हक्क नाही, असं मला गेल्या वैशाखापासून वाटायला लागलंय. माझ्या मायने ते नाव सत्तेचाळीस वर्षं असं सरळ कधी तोंडातून काढलं नव्हतं. काढलं ते माझ्यामुळे, फोनवर, एका अनोळखी मुलीपाशी, एक सेवा बंद करायला. चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आप्पा पौषात गेले. अंघोळ करून बाहेर आले, खाटेवर बसले, मायकडे पाणी मागितलं आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमची केळीची बाग तापीकाठी, पण घर शहरात, बुधवाऱ्यात. मी लग्न होऊन त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, लालबागला आलेली, जवळच्या नेपानगरच्या एका शाळेत क्लार्क. भाऊ पुण्याला. बाग चुलतभावाने करायला घेतली. माय म्हणाली, मी कुठेच येणार नाही, आणि खरंच कुठे गेली नाही.

आप्पांच्या मागे बाकी राहिला त्यांचा फोन. म्हातारपणी त्यांना त्या फोनचा असा नाद लागला होता की विचारू नका. ‘सात दिवस मोफत’ दिसलं की आप्पांचं बोट तिथे पडलंच म्हणून समजा. आठव्या दिवशी ते बंद करायचं असतं हे त्यांच्या गावीही नसायचं. क्रिकेट बघायचं एक ॲप, भजनांचं एक, योगासनांचं एक. इंग्रजी शिकवणारंही एक होतं. ते घेतलं तेव्हा आठवडाभर मायला सकाळी गुड मॉर्निंग म्हणायचे आणि माय म्हणायची, चहा गार होतोय. माणूस गेला तरी या सगळ्यांचे पैसे कापल्याचे मेसेज येतच राहिले. भावाने पुण्याहून सांगितलं, ताई, एकदा बसून सगळं बंद करून टाक. मलाही ते मेसेज बघवत नव्हते.

पण त्या फोनात एक वेगळी गोष्ट होती, ती आधी सांगायला हवी. शेतकऱ्यांसाठीची एक सेवा आप्पांनी घेतली होती. वर्षाचे पैसे भरायचे आणि रोज सकाळी ठीक सहाला फोन यायचा. उचलला की एका मुलीचा आवाज, तोही रेकॉर्ड केलेला. आप्पांनी भाषा मराठी निवडलेली. आधी नमस्कार, मग आप्पांचं नाव आणि पुढे ‘राव’. त्यानंतर ऊन किती, वारा किती, केळीचा भाव काय निघाला, करपा दिसला तर काय फवारायचं. आप्पा स्पीकर लावून ऐकायचे, अर्ध्या गल्लीला ऐकू जायचं. तिचा एकही सल्ला कधी मानला नाही. या पोरीने केळीचं झाड पाहिलंय का कधी, असं म्हणायचे. पण मध्येच फोन ठेवला असंही कधी झालं नाही.

आप्पा गेल्यावर तो फोन माय उचलायला लागली. मला हे कळलं ते महिन्याभराने, एकदा रात्री तिच्याकडे राहिले तेव्हा. सहाला फोन वाजला. माय आधीच उठून, वेणी घालून, फोनपाशी बसलेली. तिने तो कानाला लावला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी हळू म्हणाली, हं. मग शेवटपर्यंत ऐकलं. करपा, फवारणी, सगळं. बाग आता आपण करत नाही, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, माय, ती मशीन आहे गं, तिला कशाला हुंकार देतेस? ती म्हणाली, माहीत आहे वं मला. आणि चहा ठेवायला गेली. मी मनात म्हटलं, झालं, एकटेपणाने हिचं डोकं फिरायला लागलंय. मशीनशी बोलायला लागलीय. हे आधी बंद केलं पाहिजे. पाहा, मला वाटलं मी तिला वाचवतेय.

माझा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. ऑफिसात माझ्या टेबलावर फाईल दुसऱ्या दिवशी दिसायची नाही. वैशाखातल्या एका रविवारी मी चष्मा, वही आणि आप्पांच्या फोनचा चार्जर घेऊन बुधवाऱ्यात येऊन बसले. क्रिकेट गेलं, योगासनं गेली, इंग्रजी गेलं. प्रत्येक जण जाताना विचारायचा, आम्हाला का सोडताय? खाली कारणं दिलेली. महाग वाटलं, आवडलं नाही, दुसरं मिळालं. माणूसच राहिला नाही, असं कारण कुठेच नव्हतं. मी ‘इतर’वर बोट ठेवत गेले. भजनांच्या वेळी मायला विचारलं, ठेवू का? ती म्हणाली, काढ, मला पाठ आहेत. तासाभरात सगळं उरकलं आणि उरला फक्त सहाचा फोन.

तो ॲपमधून बंद होत नव्हता. त्यासाठी त्यांच्या ऑफिसला फोन करायचा, तोही आप्पांच्याच नंबरवरून. तीन वेळा रांगेत ठेवलं, तेच ते संगीत ऐकवलं, माझं डोकं तापलेलंच होतं. शेवटी एक खरीखुरी मुलगी बोलली. गोड होती, तिचा काही दोष नाही. मी सांगितलं, वडील वारले, मी मुलगी, बंद करा. ती म्हणाली, मॅडम, नोंदणी करताना त्यांनी दुसरी व्यक्ती म्हणून पत्नीला लिहिलंय, त्यांना स्वतः बोलावं लागेल. त्यांनी नोंदणी कुणाची आहे ते पूर्ण नाव सांगायचं आणि बंद करा म्हणायचं, हे बोलणं रेकॉर्ड होतं.

मी स्पीकर लावून फोन मायच्या हातात दिला.

आता हे समजून घ्या. माझ्या मायने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत कुणी विचारलं की ती आम्हा पोरांना पुढे करायची आणि आम्ही सांगायचो. घ्यायची ती फक्त उखाण्यात. हळदीकुंकवाला बायका अडून बसल्या की केळीच्या पानाचा एक उखाणा होता तिचा, तो घाईघाईने म्हणून नाव शेवटी गिळूनच टाकायची. मी लहानपणी विचारलं होतं, उखाण्यात चालतं, मग एरवी का नाही? तर म्हणाली होती, तिथे देव सोबत असतो. आम्ही भावंडं तिला चिडवायचो, आप्पाही चिडवायचे. सगळं माहीत होतं मला. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात फक्त यादी होती आणि यादीतलं शेवटचं एक काम राहिलं होतं.

मुलीने विचारलं, आजी, नोंदणी कुणाच्या नावावर आहे? माय म्हणाली, घरातल्यांच्या. मुलगी म्हणाली, नाव सांगा ना आजी. माय म्हणाली, हिचे वडील. मग म्हणाली, आप्पा म्हणतात त्यांना सगळे. मुलगी धीराची, म्हणाली, पूर्ण नाव लागेल, नाहीतर मला पुढे जाता येणार नाही. माय माझ्याकडे बघायला लागली. रेशनच्या दुकानात बघायची तसं. मी नेहमीसारखं पुढे होऊन सांगावं म्हणून. आणि मी काय म्हणाले, ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

“माय, सांग ना पटकन. आता ते ऐकायला बसलेत का?”

तिने डोक्यावर पदर घेतला. भिंतीकडे तोंड केलं. आणि नाव घेतलं. आप्पांचं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. गिळलं नाही, घाई केली नाही. शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द वेगळा करून म्हणाली. पलीकडून मुलीने तेच पुन्हा म्हणून दाखवलं आणि विचारलं, बरोबर? माय म्हणाली, हो. मुलीने विचारलं, बंद करायचं ना?  मायने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ती म्हणाली, करा.

मला तेव्हा काही वाटलं नाही, हे लिहायची लाज वाटते. उलट सुटल्यासारखं वाटलं. वहीत शेवटची रेघ मारली, मायच्या हातचे मांडे आणि आमरस पोटभर जेवले आणि उन्हं कलल्यावर रिक्षाने लालबागला निघून आले. भावाला फोन करून सांगितलं, सगळं निपटलं. तोही म्हणाला, बरं झालं.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, तुझी माय रोज पहाटे उठून ओट्यावर फोन मांडीवर घेऊन बसते, साडेसहा-सात होतात तरी उठत नाही, चहासुद्धा ठेवत नाही, जरा येऊन बघ.  दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून सहाच्या आधी बुधवाऱ्यात पोचले. मशिदीतली बांग होऊन गेलेली, दूधवाला गल्लीतून चाललेला. माय ओट्यावर बसलेली, वेणी घातलेली. फोन चार्ज केलेला. सहा वाजले. काही वाजलं नाही. ती तशीच बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले.

मी म्हटलं, माय, तो फोन आता यायचा नाही गं, आपण बंद केला ना? ती म्हणाली, माहीत आहे. मग का बसतेस? तिने मांडीवरचा फोन पदराने पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

“घरात त्यांचं नाव घेणारं तेवढंच एक होतं. तुम्ही आप्पा म्हणता. गल्ली आप्पा म्हणते. मला तर घेताच येत नाही. ती पोरगी रोज घ्यायची, ‘राव’ म्हणून, मानाने. वाटायचं, या नावाचा माणूस इथे राहतो.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली. मला रडू आलं ते आवरेना. मायने एका माणसाला तेवढ्यापुरतं दारात उभं ठेवलं होतं आणि मी वहीत रेघ मारून त्याला हाकललं होतं. तिथेच ओट्यावर बसून मी त्या सेवेच्या ऑफिसला फोन लावला. नऊला उघडतं, असं सांगणारं रेकॉर्डिंग लागलं. नऊपर्यंत बसलो दोघी. नऊला लावला. या वेळी एक मुलगा होता. मी म्हटलं, परत चालू करा, वाटतील ते पैसे घ्या. तो म्हणाला, मॅडम, हे खातं मृत व्यक्तीचं म्हणून बंद झालंय, त्या नावाने पुन्हा उघडत नाही. मी म्हटलं, मायच्या नावावर घ्या, पण सकाळी नाव त्यांचं म्हणा. तो म्हणाला, ज्याचं खातं त्याचंच नाव मशीन घेते. मग म्हणाला, सॉरी, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण फोन त्याने ठेवला नाही, मलाच ठेवावा लागला.

माय शेजारी बसून ऐकत होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, माय, मी करत जाईन गं रोज सहाला फोन. मीच घेईन नाव, ‘राव’ म्हणून, तिच्यासारखं. आणि खरोखर तिथेच घेऊन दाखवायला लागले. पहिलं अक्षर तोंडातून आलं आणि पुढे येईना. बापाचं नाव मी शाळेच्या फॉर्मवर, मृत्यूच्या दाखल्यावर बिनधास्त लिहिलंय, पण त्या ओट्यावर मला ते म्हणता येईना. मायने माझा हात थोपटला. म्हणाली, राहू दे, तू आप्पाच म्हण, तुझे ते आप्पाच.

मी म्हटलं, माय, माझं चुकलं. त्या दिवशी मी तुला बोलायला लावायला नको होतं.

ती उठली. चहा ठेवायला आत निघाली, आणि दारात थांबून म्हणाली:

“नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. म्हणून इतकी वर्षं सांभाळलं वं मी. त्या दिवशी घेताना वाटलं, आता काय कमी व्हायचं राहिलंय? तर तेवढं राहिलं होतं. सकाळचं.”