सरळ केलेला दांडा

काल खोडाळ्याच्या बाजारात एका दुकानाबाहेर गवत कापायची मशीनं उभी करून ठेवलेली दिसली... आणि माझं टाळकंच सरकलं. वीसेक वर्षं झाली, पण राग काही शिळा होत नाही.

तेव्हा आमच्या पाड्यावर आम्हा बायकांचा बचत गट होता. गटाला सरकारी योजनेतून असंच एक मशीन मिळालं... लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी, उंच गवत असलं की दोरीच्या जागी पातं. हार घालून फोटोबिटो काढले.

सगळ्यांत खूश माझी धाकटी जाऊ, जनी. दरवर्षी दिवाळी झाली की ती लेकीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, पोरीची शाळा बुडायची. डोंगरावरचं गवत मशीनने झटपट कापून व्यापाऱ्याला दिलं तर यंदा जायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

पण पाड्यावरच्या पुढाऱ्याने, त्याला सगळे भाऊ म्हणायचे, पहिल्याच आठवड्यात ते "जरा दोन दिवस" म्हणून नेलं. कुणा पाहुण्याच्या फार्महाऊसवरचं लॉन कापायचं होतं म्हणे!

परत आलं ते जीपच्या टपावर आडवं टाकून, वर माणसं बसवून. दांडा मधोमध वाकलेला. भाऊ म्हणतो कसा, "तुमचं मशीन, तुम्ही बघा." मेल्याला लाज नाही!

जव्हारचा गॅरेजवाला म्हणाला, नवा दांडा मुंबईहून आणावा लागेल. कोण आणणार? मग वाकडा बांबू शेकून सरळ करतात, तसंच करायचं आम्ही ठरवलं.

दांड्याच्या आत पातं फिरवणारी सळई असते, ती बाहेर ओढली, सपाट दगडावर लोळवत, लाकडाने ठोकत सरळ केली. बाहेरचा पाइप अॅल्युमिनियमचा... त्यात वाळू ठासून भरली, निखाऱ्यावर बेताने शेकला आणि आंब्याच्या बेचक्यात अडकवून जनीने अंगाचा सगळा भार टाकला. मी ओरडतेय, "अगं हळू, मोडशील!"

नाही मोडला. वाळू झाडली, सळईला ग्रीस फासलं, मशीन जोडून इंजिन सुरू करायची दोरी ओढली... आणि सुरू! जरा थरथरत होतं, पण कापत होतं. जनी तर रडलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराला निघणार, तर दारात भाऊची जीप. मशीनचा आवाज पाड्याभर गेला होता ना! "चालू झालं म्हणे? पाहुण्यांचं लॉन अर्धंच राहिलंय."

मी जीपपुढे आडवी उभी राहिले, भांडले, नाही नाही ते बोलले. गटातल्या बाकीच्या एकेक करून मागे सरल्या... कुणाचं घरकुल भाऊच्या हातात, कुणाचं रेशनकार्ड. मशीन गेलं ते गेलंच.

विळ्याने जमेल तेवढं गवत कापलं, बाकीचं डोंगरावर वाळून गेलं. दिवाळीनंतर जनी लेकीला घेऊन भट्टीवर निघाली. पोरगी पुन्हा शाळेत गेली नाही ती नाहीच.

निघताना जनी मला एवढंच म्हणाली, "वाकडं होतं तवर आपलं होतं, बाय."

काल दुकानदार मागेच लागला. "घ्या ना मावशी, दांडा एकदम मजबूत, वाकणारच नाय."

मी म्हटलं, "वाकणारा असेल तर दाखव."

त्याला वाटलं, मावशी गंमत करतेय...