बोंबलांच्या दोरीतला करंट

नवापुरात आमच्या आणि शेजारणीच्या अंगणात बोंबील वाळवायची दोरी एकच होती. एका सकाळी दवाने ओल्या अंगणात मी अनवाणीच त्या दोरीला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. मांजरं येऊ नयेत म्हणून शेजारणीनेच करंट सोडलाय, अशी माझी खात्रीच झाली. तणतणत तिच्या दारात गेलो.

"नायलॉनच्या दोरीला कुटला करंट, भाऊ?" म्हणत तिने दोरी मुठीत धरली. तिला काहीच झालं नाही. माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. जाड रबरी चपला! म्हणजे बाई सगळं ठरवून करतेय.

मी टेस्टर आणला. बोंबलांच्या खाऱ्या पाण्याने भिजलेल्या दोरीवर तो मिणमिणला, आणि दोरी बांधलेल्या आमच्या छपराच्या लोखंडी पाइपावर लख्ख पेटला. पाइपाला चिकटून एक वायर गेली होती आणि तिच्या जोडावर टेपऐवजी सुती चिंधी गुंडाळलेली होती, दवाने ओलीगच्च. ओलं कापड करंट अडवत नाही, हे बोईसरच्या कारखान्यात मी नव्या कामगारांना रोज ओरडून सांगतो.

चिंधी निळ्या चौकड्यांची होती. माझ्याच जुन्या लुंगीची.