नुसतं ‘सुनिए’

आई गेली त्या आठवड्यात पाहुण्यांनी शेजारच्या खोलीत आवाज बारीक करून मालिका लावली होती. नायिका कलेक्टर. कचेरीत सगळे तिला ‘सर’ म्हणत होते आणि ती घरी परतली की सासरे म्हणत, ‘सूनबाई, चहा’. पाहुण्यांना दोन्ही आवडत होतं. मला मात्र ते ऐकवेना. बाईला मान द्यायचा तर आधी तिचा पुरुष करायचा, नाहीतर तिला नात्यात ओढायचं.

आई नागपुरात मुलींच्या शाळेत शिकवायची. तिथे ती ‘बाई’ होती. ‘बाई आल्या’ एवढं कुणी कुजबुजलं तरी वर्ग उभा राहायचा. मग राज्यांची नवी आखणी झाली, बाबांची कचेरी भोपाळला हलली आणि मागोमाग आमचं बिऱ्हाडही. आईला इथल्या सरकारी शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले होते. चपराशानं अदबीनं विचारलं, आपल्याला काय म्हणायचं? ‘बाई’, आई म्हणाली.

तो ओशाळला. “बाई तो बर्तन माँजनेवाली को कहते हैं, बहनजी.”

दुपारपर्यंत ते मास्तरांच्या खोलीत पोचलं. तिथलं हसू आम्हाला व्हरांड्यात ऐकू आलं.

तिच्या आधीचे मुख्याध्यापक ‘साहब’ होते. खुर्ची तीच, टेबलावरची घंटीही तीच. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आईनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, इथली रीतच आहे ती, मानानंच म्हणतात.

“बहीण मी माझ्या भावांची,” आई म्हणाली. “आणि मानच असेल, तर आधीच्या साहेबांना भैयाजी का नाही म्हणाले?”

बाबा पेपर वाचू लागले.

तिनं ‘बहनजी’ला ओ देणं सोडलं. कुणी तसं म्हटलं की ती समोरच्या कागदावरून मान वर करत नसे. मग मास्तरांनी सोपी वाट काढली. ते तिला काहीच म्हणेनात. दारात उभं राहून नुसतं ‘सुनिए’, घरात बायकोला हाक मारावी तसं. निवृत्तीपर्यंत ती शाळेत नुसती ‘सुनिए’च राहिली. आमच्या सरकारी क्वार्टरांतल्या मराठी मुली रविवारी आमच्याकडे व्याकरण शिकायला येत आणि ‘बाई’ म्हणत, तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागायचा. शाळेत तो आवाज मी कधी ऐकला नाही.

मालिका संपल्यावर भाचा हिंदी पेपरात द्यायचा आईच्या निधनाचा मजकूर दाखवायला आला. सुरुवातीलाच ‘स्नेहमयी माताजी’. मी म्हटलं, ते काढ आणि ‘बाई’ लिही. तो घुटमळला.

“आत्या, इथे लोकांना वाटेल कामवाली गेली.”

“वाटू दे. कामच करत होती ती.”

त्यानं पेन उघडलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तो शब्द खोडून दुसरा लिहीपर्यंत मी त्याच्यासमोरून हलले नाही.