सोमीला परत पाठवलं तो दिवस

काकू मंगळवारी गेल्या. जव्हारहून तार आली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

जव्हारचं संस्थान विलीन झालं तेव्हा काका तिथल्या कचेरीत कारकून होते. कचेरी तीच राहिली, वरचे साहेब बदलले. मी शिकायला त्यांच्याकडे होतो, आणि घरात आणखी एखादं मूल असायचंच. कुणाची आई आजारी, कुणाचे आईबाप लाकूडतोडीला लांब गेलेले... पाड्यांवरची अशी मुलं काकू चार-सहा महिने सांभाळत. लिखापढी नसे. मुलानं ‘काकू’च म्हणायचं, आई म्हणायचं नाही, आणि घरच्या कुणीतरी बाजाराच्या दिवशी येऊन त्याला भेटून जायचं, एवढंच ठरलेलं.

सोमी सूर्यमाळकडच्या पाड्यावरून आली तेव्हा पाचेक वर्षांची असेल. आईला छातीचा आजार, तिला नाशिकच्या दवाखान्यात ठेवलेलं. बाप बाजाराला येऊन भेटे, पण आई काही दिसेना. दोन पावसाळे गेले. सोमी काकूंना बिलगून झोपू लागली. शेजारच्या गंगूताई चिडवायच्या, “काकू, आता हिचं लग्नही तुम्हीच लावा! मांडव आमच्या अंगणात घालू.” काकू म्हणायच्या, “तिची आई आहे की.”

आई बरी होऊन न्यायला आली, तेव्हा सोमी काकूंच्या मागं लपली. आई पायरीवरच बसली. “बाई, पोर मला वळखत नाय.” बाप म्हणाला, “वळखंल गं. चार दिस नागलीची भाकर खाल्ली का वळखंल.” सोमीनं खांबाला मिठी मारली. काकूंनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ओरडल्या, “जा! तुझं इथं कुणी नाही.” त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

“एवढं तोडून का बोललीस?” काकांनी विचारलं.

“माझ्यावर रागावली तर आईला लवकर चिकटेल.”

म्हणूनच त्या तिला भेटायला गेल्या नाहीत. सूर्यमाळच्या वाटेवर मोखाड्यापर्यंत जात आणि तिथूनच परतत.

पुढे एकदा बाजारात सोमीचा बाप भेटला. “पोरगी ऱ्हाते आयशीजवळ,” तो म्हणाला, “पण घरातून कुणी पाहुणा निघाला का पाठ करून बसते. तुम्ही एकदा आल्या असत्या तं...” काकूंनी पिशवी खाली ठेवली, ती बराच वेळ उचलली नाही. त्यानंतर त्यांची रीत बदलली. मूल न्यायला आलेल्या आईला त्या आठवडाभर ठेवून घेत. न्हाऊमाखू, जेवू तिनंच घालायचं, काकू स्वयंपाकघरात. मग स्वतः पाड्यापर्यंत पोचवायला जात, महिन्याभरानं पुन्हा जात. “सोमीकडेही जाऊन या ना,” मी एकदा म्हटलं.

“आता कुठल्या तोंडानं जाऊ रे?”

तेराव्यानंतर मी सूर्यमाळला गेलो. सोमीचं लग्न झालंय, कडेवर मूल आहे. काकू गेल्याचं सांगितलं. “मला त्या घरातलं काय आठवत नाय,” ती म्हणाली. “जा म्हणाली, तेवढंच.” मग मी तिला काकूंच्या मनातलं सांगितलं, मला जेवढं माहीत होतं तेवढं. तिनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“मग भेटाया का नाय आली?”

काका आधीच गेले. तिला उत्तर द्यायला त्या घरातला आता मी एकटाच उरलो आहे.