अक्कांनी खोडलेली रेघ

वत्सलाक्का बसून काम करत नसत. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात जमिनीत ध्वनिलहरी सोडून मिळवलेली खोल खडकांची चित्रं यायची. आम्ही ती स्क्रीनवर बघायचो. अक्का मात्र त्यांचे लांबलचक कागद कॉरिडॉरमध्ये अंथरून, चपला काढून, कडेकडेने येरझाऱ्या घालायच्या. "बसलं की नजर आळसावते," म्हणायच्या.

त्या मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातल्या. बोलण्यात अधूनमधून कन्नड. मी पुण्याहून नवी आलेली. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने खडक तुटल्याच्या, म्हणजे भ्रंशाच्या, चार रेघा मारल्या.

"स्वल्प थांब गं," त्या म्हणाल्या. "आधी सांग, जमीन कुणीकडे ओढली गेली? आणि केव्हा?"

आमच्याकडे एका खचदरीचं काम होतं. फार पूर्वी भूकवच ताणलं जाऊन मधली जमीन खचली, तिच्यात गाळ साठला, गाळात तेल तयार झालं. अक्कांनी काही वर्षांपूर्वी तिचा नकाशा केला होता: पश्चिमेच्या कडेने एकच सलग भ्रंश. तेल वर सरकत उंच खडकात साठतं, म्हणून त्या नकाशावरूनच दरीच्या मधल्या, जमिनीखालच्या उंचवट्यावर तेलविहिरीची जागा ठरली होती.

नवी चित्रं आली आणि अक्कांचं चित्त थाऱ्यावर राहिना. डबा न उघडता घरी जायला लागला. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"दक्षिणेत भ्रंश पश्चिमेला आहे, सरी, ते ठीक. पण इथे तो संपतो. उत्तरेत दरी पूर्वेच्या कडेने खचली आहे. या दोन दऱ्या आहेत, नंतर जोडल्या गेलेल्या. मधला उंचवटा त्या जोडणीत, फार उशिरा वर आला."

"म्हणजे?"

"म्हणजे तेल त्याआधीच पुढे निघून गेलं. पाहुणे गेल्यावर घर बांधलं."

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, प्रेझेंटेशन परवा आहे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," अक्का म्हणाल्या.

प्रेझेंटेशनला अक्का हे काम देणाऱ्या तेल कंपनीच्या लोकांसमोर उभ्या राहिल्या. "ही रेघ मी मारली होती. ती चुकली. इथे विहीर घेऊ नका."

आठवड्याभरात त्यांना त्या कामावरून काढलं. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. विहीर ठरल्या जागीच घेतली गेली. पाणी लागलं, तेल नाही.

हे सांगायला मी मल्लेश्वरमला गेले. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच: "उंचवट्यावर गाळाचे थर कसे आहेत?"

"पातळ."

त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "उंचावर गाळ कमी साठतो. थर पातळ, म्हणजे गाळ साठतानाच तो उंचवटा तिथे होता. उशिरा आला नाही. मी दुसऱ्यांदा चुकले."

"पण अक्का, विहिरीत तेल नाहीच लागलं. तुमचंच बरोबर होतं."

"उत्तर बरोबर, कारण चूक. ते जास्त वाईट. मग माणूस शोध घ्यायचं थांबवतो."

त्याच वर्षी अक्का गेल्या. ती खचदरी आता माझ्याकडे आहे. उंचवटा आधीपासून होता, तर तेल त्याच्यापर्यंत का पोचलं नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. नकाशा मागायला माणसं येतात, आणि तो द्यायला माझं मन धजत नाही.