डोहाळजेवणातला विषाणू

माझ्या आतेबहिणीच्या यजमानांनी ज्याला एकदा तरी हादरवलं नाही, असा माणूस अख्ख्या रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून भावोजी निवृत्त झाले, पण तास संपल्याचं त्यांना कुणी कळवलंच नसावं. हातखंब्याला कोंबडी घेऊन एसटीत चढलेल्या परक्या माणसाला त्यांनी कोंबड्यांना कॅन्सर देणाऱ्या विषाणूची अशी काही हकीकत ऐकवली, की तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. एका मुंजीत बटूला म्हणाले, "तुझ्या पूर्वजांत ऋषी होते, तसे विषाणूही होते हो!" भटजी मंत्र विसरले.

त्यांच्या या रेट्रोव्हायरसांना, म्हणजे आपल्या जनुकांतच घुसून बसणाऱ्या विषाणूंना, हसणारं आमचं घर एका गणपतीत मुकं झालं. मुंबईहून आलेल्या माझ्या धाकट्या भावाने आरतीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, की त्याला एचआयव्ही आहे. आईच्या हातातलं तबक कललं. दुपारी बाबांनी भावाचं पान एकट्याचं, बाहेर पडवीत मांडायला लावलं. तेवढ्यात भावोजी आले. सरळ पडवीत गेले, त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्याच्याच पानातला मोदक उचलून तोंडात टाकला.

"गोळ्या वेळेवर घेतोस ना रे?"

"हो, भावोजी."

"मग तूप मागव. कोरडा आहे मोदक."

विषाणूंवर तासन्‌तास बोलणारा माणूस एवढंच बोलला. नंतर ते बाबांना घेऊन आगरात फिरून आले. संध्याकाळी भावाचं पान आत, बाबांच्या शेजारी होतं.

पुढे भावाने लग्न केलं, मुलीला सगळं सांगून. गोळ्यांनी विषाणू इतका दबला होता, की तपासणीत सापडत नव्हता. मूल होऊ द्यायला डॉक्टरांनी होकार दिला होता. तरी भावजयीच्या डोहाळजेवणात आई डोळे पुसत पुटपुटली, "बाळाला काही झालं तर गो?" ते ऐकून भावोजी भर बायकांत उभे राहिले.

"मामी, बाळाला आईशी जोडते ती वार. ती नीट घडते एका जनुकामुळे. आणि ते जनुक आपल्याला दिलं कुणी? कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या अंगात शिरून तिथेच राहिलेल्या रेट्रोव्हायरसने! ह्या एचआयव्हीच्याच भाऊबंदांपैकी!"

ओटीचा नारळ आत्याच्या हातून निसटून गडगडत गेला. "शुभ वेळी कसली नावं घेता!" ती किंचाळली. भावजय मात्र पोट धरून हसायला लागली. "म्हणजे भावोजी, भाऊबंदांत एखादा तरी चांगला निघतो म्हणायचा!" रडता रडता आईलाही हसू फुटलं.

मुलगी झाली. मायलेकी दोघीही ठणठणीत.

आता ती शाळेत जाते, आणि भावोजींना माणसं आठवत नाहीत. भाऊ तिला रविवारी त्यांच्याकडे नेतो. ते तिच्या केसांवरून हात फिरवत विचारतात, "नाव काय गो तुझं?" ती सांगते.

"सुंदर आहे. कुणी ठेवलं?"

"तुम्हीच."

भावोजी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहतात.